वर राहिलेलं, खाली उतरलेलं



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य प्रयोगशाळेत गेलं. म्हणून मी विषयही परीक्षानळीतलाच निवडला.

समजा, माझ्या हातात एक परीक्षानळी आहे. आत पाण्यासारखं नितळ द्रावण आहे. त्यात चांदी असेल, शिसं असेल, कॅडमियम, जस्त, कॅल्शियम असेल, नाहीतर यांतले तीन-चार एकत्र असतील. धातू विरघळला की त्याची चमक जाते, जडपणा जातो, पुष्कळांचा रंगही जातो. चांदीचं द्रावण आणि जस्ताचं द्रावण शेजारी शेजारी ठेवलं तर डोळ्यांना फरक कळत नाही. चव घेऊन बघायची सोय नाही. शिसं, पारा, कॅडमियम ही सगळी विषं आहेत. मग आत कोण आहे हे ओळखायचं कसं?

आज त्यासाठी यंत्रं आहेत. नमुना आत सोडला की काही मिनिटांत कितीतरी मूलद्रव्यांची यादी पडद्यावर येते. पण अशी यंत्रं येण्याच्या कितीतरी आधी माणसांनी परीक्षानळी, गाळणकागद आणि चार-पाच बाटल्यांच्या जोरावर ही ओळख पटवली. याच पद्धतीने जगाला रेडियम दिलं. याच पद्धतीने अणूचं विभाजन उघडकीला आणलं. आणि आजही कारखान्याच्या मागच्या टाकीत हीच पद्धत सांडपाण्यातून विष बाहेर काढते. या पद्धतीत धातू ओळखणं आणि धातू वेगळा करणं ही दोन कामं नाहीत, एकच आहे. आणि वेगळं करण्याची किल्ली 'काय घालायचं' यापेक्षा 'किती मिळू द्यायचं' यात आहे. हे मला आज दाखवायचं आहे.

सुरुवात मिठापासून करू. चांदीच्या द्रावणात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला की पांढरा, गुठळीदार साका तळाशी बसतो. ही खूण जुनी आहे. १७व्या शतकात रॉबर्ट बॉइल पाण्यातलं मीठ ओळखायला चांदीचंच द्रावण वापरत. पण साका का बसतो? कोणताही क्षार पाण्यात अजिबात विरघळत नाही असं नसतं. थोडा तरी विरघळतोच. प्रत्येक क्षाराला एक मर्यादा असते. त्याच्या दोन्ही आयनांच्या संहतींचा गुणाकार (सूत्रात जो आयन दोनदा येतो त्याची संहती दोनदा धरून) एका ठरलेल्या आकड्यापुढे जाऊ शकत नाही. गेला, की जास्तीचा माल घन होऊन खाली येतो. तोच अवक्षेप. आणि तो आकडा म्हणजे विद्राव्यता गुणाकार.

आकडे घेऊन बघू, म्हणजे गंमत कळेल. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार साधारण १.८ गुणिले १० चा उणे १०वा घात. लेड क्लोराइडचा १.७ गुणिले १० चा उणे ५वा घात. आता एका लिटरमध्ये ०.१ मोल क्लोराइड ठेवा. साध्या हिशेबाने चांदीचे मोकळे आयन उरतील एका ग्रॅमचा ५० लाखावा भाग. आणि शिसं? शिसं उरेल सुमारे ३५० मिलिग्रॅम! दोघांचाही साका पांढराच. धातूंचे साके ज्या क्रमाने पाडतात त्यातल्या पायऱ्यांना गट म्हणतात; दोघंही पहिल्याच गटात. पण चांदी जवळजवळ सगळी खाली बसते आणि शिसं भरपूर मागे राहतं.

म्हणूनच प्रॅक्टिकलला पहिल्या गटात सापडलेलं शिसं दुसऱ्या गटातही पुन्हा दिसतं, आणि विद्यार्थी गोंधळतात. 'सर, एकदा काढलं की, परत कसं आलं?' मला हा प्रश्न फार आवडतो. हा प्रश्न ज्याला पडला त्याला गाळणकागदाचं खरं स्वरूप कळायला लागलं. गाळणकागदावर जे राहतं ते सगळं नसतं, आणि खाली जे उतरतं ते कधी पूर्ण रिकामं नसतं.

शिशाचं हेच वागणं मग त्याची ओळख ठरतं. पांढऱ्या साक्यावर उकळतं पाणी ओता. लेड क्लोराइड गरम पाण्यात थंड पाण्याच्या सुमारे तिप्पट विरघळतं. ते खाली उतरतं, चांदी कागदावरच राहते. खालचं द्रावण थंड होऊ द्या. नळीच्या तळापासून पांढऱ्या, लखलखत्या सुया वाढायला लागतात. त्यांना पुन्हा गरम करून विरघळवा, पोटॅशियम आयोडाइडचे दोन थेंब टाका आणि सावकाश थंड करा. सोनेरी पिवळे चकत्यांसारखे स्फटिक द्रावणात तरंगत खाली येतात. प्रकाशाकडे धरून बघितलं तर प्रत्येक चकती वेगळी चमकते. आता वर राहिलेल्या साक्यावर अमोनिया घाला. चांदी असेल तर साका विरघळून जातो आणि नायट्रिक आम्ल टाकलं की परत येतो. मर्क्युरस पारा असेल तर तो काळा पडतो. तीन धातू, तीन तऱ्हा, आणि तिघांची ओळख पटली. वेगळं करायला वापरलं काय? गरम पाणी आणि अमोनिया.

पण एक सावधगिरी. चांदी पूर्ण खाली यावी म्हणून कुणी संहत हायड्रोक्लोरिक आम्ल भरपूर ओतलं तर? तर साका पुन्हा विरघळायला लागतो. जास्तीचे क्लोराइड आयन चांदीला आपल्यात गुंफून घेतात आणि ते संयुग पाण्यात राहतं. 'थोड्याने झालं तर जास्तीने अधिक चांगलं होईल' हा हिशेब इथे चालत नाही. हा मुद्दा आज पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता गटांकडे वळू. पहिल्या गटात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल. दुसऱ्यात आम्लधर्मी द्रावणात हायड्रोजन सल्फाइड वायू. तिसऱ्यात अमोनियम क्लोराइड घालून मग अमोनिया. चौथ्यात अमोनियायुक्त द्रावणात पुन्हा तोच हायड्रोजन सल्फाइड. पाचव्यात अमोनियम कार्बोनेट. आणि कशालाच दाद न देणारे मॅग्नेशियम, सोडियम, पोटॅशियम शेवटी. धान्य चाळताना आधी मोठ्या भोकांची चाळण घेतात आणि मग बारीक. क्रम उलटा केला तर पहिल्याच चाळणीत सगळं अडकतं. इथेही तसंच. कार्बोनेट आधी घातलं तर तांबं, लोखंड, जस्त, कॅल्शियम सगळे एकदम खाली येतील आणि हाती लागेल तो निव्वळ चिखल.

इथे एक प्रश्न मनात यायला हवा. दुसऱ्या गटात आणि चौथ्या गटात अभिकारक एकच आहे. एकाच वायूने आधी तांबं, कॅडमियम, बिस्मथ खाली आणायचे आणि जस्त, मँगनीज, निकेल, कोबाल्ट यांना हात लावायचा नाही. आणि नंतर त्याच वायूने त्यांनाही खाली आणायचं. हे कसं जमतं? या सगळ्या पद्धतीतली सर्वात सुंदर कल्पना इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबतो.

हायड्रोजन सल्फाइड हे अतिशय दुबळं आम्ल आहे. पाण्यात विरघळलं तरी त्यातून मोकळे सल्फाइड आयन फारच थोडे सुटतात. द्रावणात आधीच दुसरं आम्ल असेल तर आणखी थोडे. द्रावणातले हायड्रोजन आयन दहापट वाढवले तर सल्फाइड शंभरपट घटतो. म्हणजे वायू तोच, बाटली तीच, पण सल्फाइड किती मिळणार हे आम्ल ठरवतं. आता आकडे पाहा. कॉपर सल्फाइडचा विद्राव्यता गुणाकार १० च्या उणे ३६व्या घाताच्या आसपास. कॅडमियमचा उणे २७ च्या. जस्ताचा उणे २४ च्या. मँगनीजचा उणे १३ च्या. निरनिराळ्या पुस्तकांत हे आकडे थोडे निरनिराळे दिसतील, पण क्रम बदलत नाही. ज्याचा आकडा लहान त्याला सल्फाइडचा लेशही पुरतो. ज्याचा मोठा त्याला भरपूर लागतो. दुसऱ्या गटात आपण आम्ल ठेवतो, साधारण ०.३ मोलर, आणि सल्फाइडचा लेशच मिळू देतो. चौथ्या गटात अमोनिया घालून हात सैल सोडतो. वेगळेपण साधलं ते या हात आखडण्यातून!

कॅडमियम अगदी सीमेवर आहे, आणि म्हणून ते शिकवायला उत्तम. आम्ल जरा जास्त झालेल्या द्रावणात वायू सोडत राहिलं तर बुडबुडे येत राहतात आणि नळी नितळच राहते. घाईचा विद्यार्थी वहीत लिहितो, 'दुसरा गट अनुपस्थित', आणि पुढे जातो. त्याला थांबवायचं आणि सांगायचं, ऊर्ध्वपातित पाणी घाल. पाणी पडतं तिथे, वरच्या थरात, आधी एक पिवळी झाक येते. मग ती खाली उतरत जाते आणि बघता बघता सगळी नळी गर्द पिवळी होते. कॅडमियम आधीपासून तिथेच होतं. नवा अभिकारक घातला नाही, फक्त आम्ल पातळ केलं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा समतोलाचं सूत्र पुन्हा विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

तिसऱ्या गटातही तीच युक्ती आहे, फक्त सल्फाइडच्या जागी हायड्रॉक्साइड. नुसतं ०.१ मोलर अमोनिया घातलं तर लोखंड, ॲल्युमिनियम, क्रोमियम यांच्याबरोबर मॅग्नेशियमही खाली येऊ शकतं. पण आधी अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनियातून सुटणारे हायड्रॉक्साइड आयन शंभरपटीहून अधिक कमी होतात. मॅग्नेशियमला ते पुरत नाहीत. आणि लोखंडाला? फेरिक हायड्रॉक्साइडचा आकडा १० च्या उणे ३८व्या घाताच्या आसपास आहे. त्याला एवढे पुरून उरतात. तपकिरी गाळ लोखंडाचा, हिरवट क्रोमियमचा, पांढरा आणि चिकट ॲल्युमिनियमचा. पण तत्पूर्वी आधीचा हायड्रोजन सल्फाइड उकळून घालवावा लागतो आणि नायट्रिक आम्ल घालून फेरस लोखंडाचं फेरिक करावं लागतं. नाहीतर लोखंड आपल्या गटात नीट उतरतच नाही. पुस्तकात ही एक ओळ असते आणि मुलं ती गाळतात. पाचव्या गटावर मी वेळ घालवत नाही. कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम कार्बोनेट होऊन खाली येतात आणि ज्योतीत आपले रंग सांगतात. बेरियमचं नाव मात्र लक्षात ठेवा.

हा सगळा तक्ता बसवला कुणी? एका माणसाने नाही. १८व्या शतकात स्वीडनच्या टॉर्बर्न बर्गमन यांनी द्रावणातून खनिजं तपासण्याची शिस्त लावली. जर्मनीत हाइन्रिख रोझ यांचा ग्रंथ १८२९ मध्ये आला. आणि १८४१ मध्ये कार्ल रेमिगिउस फ्रेझेनिउस नावाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने गुणात्मक विश्लेषणावर पुस्तक लिहिलं. मोजके अभिकारक, ठरलेला क्रम, आणि प्रत्येक पायरीला 'हे दिसलं तर असं करा'. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, भाषांतरं झाली. १८४८ मध्ये त्यांनी वीसबाडेनला स्वतःची प्रयोगशाळा काढली, १८६२ मध्ये विश्लेषणाला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या वापरला गेलेला व्होगेल यांचा १९३७ चा ग्रंथ याच परंपरेतला.

या तारखांत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फ्रेझेनिउस यांचं पुस्तक १८४१ चं. द्रावणात आयन असतात हे अऱ्हेनिउस यांनी मांडलं १८८७ मध्ये. विद्राव्यता गुणाकाराची कल्पना नेर्न्स्ट यांनी दिली १८८९ मध्ये. आणि या सगळ्याची सांगड घालून विश्लेषणाचा शास्त्रीय पाया ओस्टवाल्ड यांनी समजावला १८९४ मध्ये. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं तक्ता बरोबर चालत होता आणि तो का चालतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं! आम्ल किती ठेवायचं, अमोनियम क्लोराइड आधी का घालायचं, हे लोकांनी साका बघून, तो चुकला की पुन्हा करून ठरवलं. आज आपण मुलांना आधी सूत्र देतो आणि प्रयोग त्याचा पुरावा म्हणून दाखवतो. इतिहासात हे नेमकं उलट घडलं.

आपल्याकडेही या पद्धतीने माणसं झपाटली होती. आचार्य प्रफुल्लचंद्र राय कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतातली दुर्मीळ खनिजं तपासत होते. मेंडेलिव्ह यांच्या आवर्त सारणीतली एखादी रिकामी जागा आपल्या हातून भरेल, ही आशा त्यामागे होती. नवं मूलद्रव्य मिळालं नाही. पण त्याच काळात, १८९६ मध्ये, त्यांनी मर्क्युरस नायट्राइट जगापुढे मांडलं.

ज्यांना मूलद्रव्य मिळालं त्यांच्याकडे येऊ. १८९८, पॅरिस. मारी आणि पिएर क्युरी यांना दिसलं की पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने फार जास्त किरणोत्सर्ग करतं. म्हणजे आत आणखी कुणीतरी आहे. पण त्याचं प्रमाण इतकं कमी की तराजूला ते कळणार नाही. मग त्यांनी काय केलं? खनिज आम्लात विरघळवलं आणि गटांच्या क्रमाने साके पाडायला सुरुवात केली. प्रत्येक पायरीला इलेक्ट्रोमीटर दोन्हीकडे लावला: गाळणकागदावर राहिलेल्याला आणि खाली उतरलेल्याला. किरणोत्सर्ग कुठे गेला? वर की खाली? जिकडे गेला तिकडे पुढची पायरी.

एक किरणोत्सर्ग हायड्रोजन सल्फाइडबरोबर खाली आला आणि शेवटपर्यंत बिस्मथच्या संगतीत राहिला. जुलै १८९८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की युरेनियमच्या चारशेपट सक्रिय असा हा पदार्थ नव्या धातूमुळे आहे, आणि त्याला पोलोनियम नाव दिलं. दुसरा किरणोत्सर्ग सल्फाइडला दाद देईना, अमोनियाला दाद देईना. तो कार्बोनेट आणि सल्फेट होऊन बेरियमबरोबर खाली आला. डिसेंबरमध्ये त्याची घोषणा झाली, या वेळी गुस्ताव बेमाँ यांच्यासह. युरेनियमच्या नऊशेपट सक्रिय. नाव रेडियम. लक्षात घ्या, तोवर रेडियम कुणी पाहिलेलं नव्हतं. 'तो बेरियमसारखा वागतो, पण बेरियम नाही', एवढीच त्याची रासायनिक ओळख होती. ती पक्की करायची तर त्याला बेरियमपासून वेगळं काढणं भाग होतं. साक्याने ते जमेना, कारण दोघं एकत्रच खाली येत. तेव्हा मारी क्युरींनी क्लोराइडचं स्फटिकीकरण पुन्हा पुन्हा केलं. रेडियम स्फटिकांत किंचित जास्त जातं, तेवढ्या आधारावर. टनावारी खनिजाच्या चोथ्यातून १९०२ मध्ये हाती आलं सुमारे ०.१ ग्रॅम रेडियम क्लोराइड, आणि त्यावरून अणुभार काढला २२५. तेव्हा कुठे रेडियम मूलद्रव्य म्हणून नावारूपाला आलं.

आता याच जोडीची, बेरियम आणि रेडियमची, दुसरी कथा. ती मला पहिलीपेक्षाही मोठी वाटते.

१९३४ पासून रोममध्ये फेर्मी आणि बर्लिनमध्ये ओटो हान, लिझे माइटनर, फ्रिट्झ स्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा करत होते. मारा केला की नवे किरणोत्सर्गी पदार्थ तयार होत, पण नगण्य प्रमाणात. ते गाळणार कसे? त्यासाठी द्रावणात एखादा साधा धातू, वाहक म्हणून, मुद्दाम घालतात. त्या धातूचा साका पाडला की त्याच्यासारखा वागणारा किरणोत्सर्गी पदार्थ त्याच्याबरोबर खाली येतो. १९३८ मध्ये इरेन जोलिओ-क्युरी, मारीबाईंची लेक, आणि पावले साविच यांना साडेतीन तास अर्धायुष्याचा एक पदार्थ लँथेनमसारखा वागताना दिसला. हान आणि स्ट्रासमान यांनी शोध पुढे नेला. त्यांना काही पदार्थ बेरियमबरोबर खाली येताना सापडले. युरेनियमचा अणुक्रमांक ९२. रेडियमचा ८८, बेरियमचा ५६. जवळचा कोण? अर्थात रेडियम. त्यांनी या पदार्थांना रेडियमच म्हटलं. माइटनर ज्यू कुळातल्या. जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडून पळावं लागलं होतं. नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनला हान त्यांना भेटले तेव्हा माइटनर यांनी या 'रेडियम'बद्दल शंका घेतली.

मग पुढची पायरी आली. रेडियम असेल तर ते बेरियमपासून वेगळं व्हायला हवं. मारी क्युरींनी केलं होतं तसंच. या कामात हान यांचा हातखंडा होता. १९०७ मध्ये मेसोथोरियम, म्हणजे रेडियमचाच एक प्रकार, त्यांनीच शोधला होता. त्यांनी स्फटिकीकरण केलं. किरणोत्सर्ग सगळ्या हिश्शांत सारखाच पसरलेला. पुन्हा केलं. तेच. पद्धतीतच दोष असेल का? तपासायला त्यांनी खरं रेडियम, मेसोथोरियमसारखं, तितक्याच नगण्य प्रमाणात बेरियममध्ये मिसळलं आणि तेच काम केलं. ते व्यवस्थित वेगळं झालं! म्हणजे पद्धत चोख होती. मग जो कोणत्याही उपायाने बेरियमपासून वेगळा होत नाही, तो कोण?

तो बेरियम होता. ९२ क्रमांकाच्या अणूतून ५६ क्रमांकाचा अणू निघाला होता, म्हणजे अणू फुटला होता. भौतिकशास्त्राला हे अशक्य वाटत होतं. जानेवारी १९३९ मध्ये छापलेल्या लेखात हान आणि स्ट्रासमान यांची ओढाताण स्पष्ट दिसते. रसायनशास्त्रज्ञ म्हणून आपल्याला बेरियम म्हणावं लागतं, पण भौतिकशास्त्राचे शेजारी म्हणून ते मान्य करायला मन धजत नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. अर्थ लावला तो हद्दपारीत असलेल्या माइटनर आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी, स्वीडनमध्ये, नाताळच्या सुट्टीत. १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या हान यांना मिळालं. माइटनर यांच्यावर हा अन्याय झाला, आणि तो या सभागृहातही मोठ्याने सांगायला हवा.

या शोधाचा निर्णायक पुरावा कुठून आला हे विसरू नका. त्यांच्याकडे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र होतं, न्यूट्रॉनचा स्रोत होता. पण 'हा बेरियमच' हे सांगितलं ते वाहक, साका आणि स्फटिकीकरण यांनी. शतकभर जुन्या शिस्तीने.

आता प्रयोगशाळेबाहेर. आपल्या औद्योगिक वसाहतींत मुलामा देण्याचे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यात क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त असतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, म्हणजे ईटीपीवर, काम करणारा ऑपरेटर दिवसभर काय करतो? चुना घालून पीएच वाढवतो आणि धातूंचे हायड्रॉक्साइड खाली बसवतो. म्हणजे तिसरा गट, टाकीच्या मापाने! आणि अडचणीही त्याच. पिवळं सहा-संयुजी क्रोमियम कितीही चुना घातला तरी खाली बसत नाही; आधी पीएच दोन-तीनवर आणून सोडियम मेटाबायसल्फाइटने त्याचं तीन-संयुजी करावं लागतं. आपण लोखंडाला नायट्रिक आम्लाने फेरिक करतो, त्याच्या उलट दिशेचं हे काम. जस्त बसायला पीएच नऊ-दहा लागतो, पण चुना घालतच गेलो तर तेच जस्त पुन्हा विरघळतं. निकेलला मात्र दहाच्या आसपास न्यावं लागतं. सांडपाण्यात अमोनिया असेल तर तांबं निळं होऊन वरच राहतं. सायनाइड असेल तर ते आधी नष्ट करायला हवं. एक तर ते धातूंना धरून ठेवतं, आणि आम्लात गेलं तर जीवघेणा वायू सोडतं. चुन्याची गोणी रिकामी करणाऱ्या माणसाला हे कुणी समजावून सांगितलेलं असतं का? सांगितलं पाहिजे. नदीत काय जाणार हे तो ठरवतो.

इथे एक ओघात आलेली गोष्ट सांगतो. पुष्कळ महाविद्यालयांनी हायड्रोजन सल्फाइड बंद केला आहे, आणि ते योग्यच आहे. डेल्फ्टच्या किप यांनी १८४४ च्या सुमारास केलेलं, हा वायू तयार करणारं ते तीन गोळ्यांचं काचेचं उपकरण अनेकांच्या आठवणीत असेल. तो वायू विषारी आहे, आणि प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, वायू गेला. पण वायूबरोबर सगळं प्रॅक्टिकल काढून टाकायचं कारण नाही. पहिला आणि तिसरा गट त्याच्याशिवाय होतो. निकेलला १९०५ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ चुगाएव्ह यांनी दिलेलं डायमिथाइल ग्लायऑक्झाइम आहेच, लाल-गुलाबी साका देणारं. आणि कॅडमियमचा प्रयोग शिक्षकाने एकट्याने, धूर-कपाटात, थेंबभर द्रावणावर करून दाखवावा. मुलांना पिवळी झाक दिसली की झालं.

शेवटचा मुद्दा बॅटऱ्यांचा. जुन्या लिथियम बॅटऱ्या फोडून जी काळी पूड मिळते ती सल्फ्युरिक आम्लात विरघळवतात. द्रावणात तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट, मँगनीज आणि लिथियम. पीएच हळूहळू वाढवला की आधी लोखंड आणि ॲल्युमिनियम खाली येतात. निकेल आणि कोबाल्ट एकमेकांना इतके चिकटून राहतात की नुसत्या साक्याने वेगळे होत नाहीत. त्यांच्यासाठी तेलासारखा द्रावक वापरून एकाला ओढून घ्यावं लागतं. चौथ्या गटात ज्यांनी ही जोडी हाताळली आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही. सगळे उतरले की द्रावणात उरतं लिथियम, शेवटच्या गटात सोडियम-पोटॅशियम उरतात तसं. त्यात सोडियम कार्बोनेट घालतात, पण द्रावण थंड ठेवत नाहीत, जवळजवळ उकळतं ठेवतात. शिशाच्या नेमकं उलट, लिथियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं; म्हणून ते गरम असतानाच गाळायचं आणि गरम पाण्यानेच धुवायचं.